माळशेजपलीकडे, फोन न करता

माळशेज घाटात लोक धबधबे बघायला जातात. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर संपत आला होता. कडे कोरडे ठणठणीत असायला हवे होते, पण मध्येच कुठूनसा अवकाळी पाऊस आला आणि घाट धुक्याने भरून गेला. धबधबा एकही दिसला नाही. दिसलं ते हेल्मेटच्या काचेवर साचलेलं माझंच बाष्प. तरी हे लिहितेय, कारण थंडीत, ओल्या हवेत मोटरसायकल काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. मला त्या वाटेत कळल्या.

वर्तकनगर

गाडी बाबांची. माझ्याहून थोडी लहान, कार्ब्युरेटरची, गार असली की चोक ओढून किक मारावी लागणारी. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती मीच ऑफिसला नेते. दिवाळीनंतर बाबांनी जाहीर केलं की गाडी प्रसादला द्यायची. प्रसाद म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, डोंबिवलीचा. त्याच्याकडे स्कूटर आहे, पण या गाडीवर त्याचा शाळेपासून डोळा आहे.

"तुला चालवता येत नाही असं मी म्हणत नाही," बाबा म्हणाले. "पण गाडी चालवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. बंद पडली की तू काय करतेस? मला फोन."

खरं होतं ते. मी वाद घालत नाही. वाद घालायला लागले की माझे शब्द इंग्रजीत येतात आणि बाबा त्यातलं इंग्रजीच पकडतात. मी एवढंच म्हटलं, "नाही करणार."

"काय नाही करणार?"

"फोन."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. आत्याला तिच्या नणंदेकडे हुरड्याला जायचं होतं, घाट ओलांडून, ओतूरच्या अलीकडे. दर वर्षी ती एसटीने जाते. "मग शैलाला घेऊन जा," बाबा म्हणाले. "घाट चढ, घाट उतर. गाडीबद्दल एकही फोन न करता परत आलीस तर गाडी तुझी. फोन आला तर रविवारी प्रसाद येऊन घेऊन जाईल."

"आणि पोचल्याचा फोन?" आई आतून म्हणाली.

"तो तुला करेल. मी गाडीबद्दल बोलतोय."

आदल्या संध्याकाळी बाबांनी खाली पार्किंगमध्ये बसून गाडीचं तेलपाणी केलं. साखळी, लिव्हर, केबल, सगळं. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तू बॅग भर." मी बॅग भरली. मग उपसली, परत भरली. रात्री झोप लागली नाही, आणि लागली तेव्हा स्वप्नात किक मारत होते.

डोंबिवली

मुंब्र्याचा बायपास आणि शिळफाटा यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ट्रेलर होते, मी होते.

आत्या सोसायटीच्या गेटपाशी तयार उभी होती. सलवार-कमीज, त्यावर काकांचं जुनं जर्किन, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर हेल्मेट. पायांत मोजे, मोज्यांवर दुधाच्या पिशव्या, त्यावर बूट. चालताना चुरचुर आवाज येत होता.

"हसू नकोस," ती म्हणाली. "ओतूरला पोचल्यावर कोणाचे पाय कोरडे असतील ते बघू."

तिने माझ्यासाठीही दोन पिशव्या धुऊन, पुसून आणल्या होत्या. मी नको म्हटलं.

प्रसाद खाली आलेला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला, आरशात केस बघितले. "मामा बोलला रविवारी ये," तो म्हणाला. "सीट कव्हर चेंज करणार मी. हे लय अंकल वाटतं."

"अजून रविवार यायचाय," मी म्हटलं.

"अगं, तू कशाला टेन्शन घेतेस? तुला हवी तेव्हा देईन ना मी चालवायला."

आत्या मागे बसली. ज्याच्याकडे गाडी जायची त्याचीच आई माझ्या मागे बसणार आणि परत आल्यावर तीच बाबांना सगळं सांगणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं. तिने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. "ऐक. एकदा वाजवलं तर हळू. दोनदा वाजवलं तर चहा. सारखं वाजवलं तर मी पडलेय."

टिटवाळ्याच्या फाट्याआधी

कल्याण सोडलं, शहाड मागे पडलं आणि मुरबाड रोडला नदीच्या बाजूने धुकं चढत आलं. आमच्याकडे ठाण्यात धुकं म्हणजे सकाळी घोडबंदरला दिसतं आणि बघेपर्यंत जातं, तसं हे नव्हतं. हे बसून होतं.

माझी काच आतून पांढरी झाली. हातमोज्याने पुसली तर रेघा उमटल्या. वर केली तर डोळ्यांत पाणी. खाली घेतली की परत पांढरी. समोरच्या टेम्पोचा लाल दिवा तेवढा दिसत होता आणि मी त्याच्यामागे एखाद्या शेळीसारखी चालले होते. आत्याने एकदा वाजवलं. मी आधीच हळू होते. तिने परत वाजवलं, ते दोनदा धरून मी टपरीवर थांबले.

चहा पिताना मला कळलं की चूक माझ्या स्कार्फची आहे. ठाण्यातल्या आम्ही मुली नाकातोंडावरून स्कार्फ घट्ट बांधून गाडी चालवतो. धुळीसाठी, उन्हासाठी, आणि खरं सांगायचं तर कोणी बघू नये म्हणूनही. नाक बांधलं की श्वासाला खाली वाट राहत नाही. तो वर जातो, थेट काचेवर. मी स्कार्फ सोडून गळ्याभोवती गुंडाळला. उघड्या तोंडाने टपरीवर बसायला मला जरा वेळ लागला, पण तिथे कोणी बघत नव्हतं. सगळे स्वतःच्या कपातली वाफ बघत होते.

टपरीवर शांपूच्या पुड्यांची माळ लटकत होती. त्यातली एक घेतली, थेंबभर शांपू काचेच्या आतून बोटाने पसरला आणि कोरड्या रुमालाने दिसेनासा होईपर्यंत पुसून काढला. पाणी लावायचं नाही, नुसता कोरडा घासायचा. मग निघताना काच एक बोट उघडी ठेवली. रस्ता दिसायला लागला. गोवेली येईपर्यंत मी इतकी खूश होते की टिटवाळ्याच्या फाट्यावर आत्या बाप्पाला हात जोडायला म्हणून दोन्ही हात सोडून बसली, तेही मी चालवून घेतलं.

मुरबाड आणि वर

मुरबाडच्या थोडं अलीकडे भुरभुर सुरू झाली. मुरबाडला गरम वडापाव खाल्ला. वडा चांगला होता, चटणी अति तिखट होती आणि आत्याने दुकानदाराला तसं सांगितलं. त्यानंतर गाडी आचके द्यायला लागली. चालते, मध्येच श्वास चुकल्यासारखी गप्प होते, परत धावते. सरळगावच्या पुढे ती पूर्ण बंद पडली.

आत्या उतरून झाडाखाली उभी राहिली. तिने नुसती पर्स पोटाशी धरली. पर्समध्ये फोन होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी टाकी उघडून बघितली. पेट्रोल होतं. नळी मोकळी होती. मग मला आठवलं की बिघाड पावसानंतर सुरू झालाय, आधी नाही. म्हणजे पाणी कुठेतरी शिरलंय, आणि पाण्याला आवडेल अशी जागा म्हणजे प्लगची टोपी. ती ओढून काढली, तर आत खरंच ओल होती. रुमालाच्या कोपऱ्याने, मग फुंकर मारून, मग आत्याच्या पदराने, म्हणजे ओढणीने, ती कोरडी केली. टोपी परत घट्ट बसवली. किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली.

"झालं?" आत्या म्हणाली.

"झालं."

"मग थांबली का होतीस एवढा वेळ?"

घाटाबद्दल थोडं. धुक्यात कडा दिसत नाही, नुसता त्याचा गारवा एका अंगाने जाणवतो. दुसऱ्या अंगाला काही जाणवत नाही, म्हणजे तिकडे दरी. ओल्या चाकांना ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाही. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर तो हलकेच दाबून ठेवला की घासून कोरडा होतो, मग वळणावर ऐकतो. आत्या मागे रामरक्षा म्हणत होती. वळण आलं की चाल वाढायची.

आणखी एक गोष्ट त्या चढावर झाली. रेस सोडली तरी गाडी किंचित उशिराने ऐकत होती. मूठ जड लागत होती. ठाण्यातही सकाळी कधी कधी तशी लागायची, सिग्नल येईपर्यंत बरी व्हायची. मला वाटलं भिजलेल्या हातमोज्याचा दोष. घाटमाथ्यावर धुकं एकदम मागे राहिलं, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी पत्र्यासारखं पसरलेलं दिसलं, आणि मी तो विचार तिथेच सोडून दिला.

पोचल्यावर माझे मोजे पिळले तर पाणी निघालं. आत्याने ओसरीवर बसून बूट काढले, पिशव्या काढल्या, आणि कोरडे पाय सगळ्यांना दिसतील असे पुढे पसरून बसली.

हुरड्याचं गाव

आत्याच्या नणंदेला आत्या वन्सं म्हणते आणि गाव आक्का म्हणतं. मीही आक्काच म्हटलं. उंच, कोरड्या हाताच्या, कमी बोलणाऱ्या. मला बऱ्या वाटल्या.

आमच्याकडे पाहुणा आला की विचारतात, चहा घेणार ना? मग पाहुणा नको नको म्हणतो, मग घेतो. इथे कोणी विचारलं नाही. चहा आला, तो संपला की भाकरी आली, भाकरीबरोबर मासवडी आणि रस्सा. मासवडीत मासा नसतो. मी मनातून कोकणातली, त्यामुळे नाव ऐकून उगाच आशा धरली होती. आत तीळ, खोबरं, लसूण असं सारण आणि बाहेर बेसनाचं आवरण. रस्सा इतका झणझणीत की दिवसभर गारठलेल्या माझ्या कानांत पुन्हा जीव आला.

दुपारी शेतात गेलो. आगटीत शेणी पेटवलेल्या, त्यात कोवळी कणसं भाजायची आणि गरम गरम तळहातावर चोळायची. हिरवे, मऊ दाणे. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. माणसं गोल करून बसतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. प्रत्येक जण आपल्या तळहाताकडे बघतो. मला असं बसायला फार आवडलं. कोणी मला, ऑफिसात काय करतेस, पगार किती, लग्नाचं काय, असं विचारलं नाही. आक्कांचं लक्ष आभाळाकडे होतं. शेजारच्या वावरात कांदा होता. "धुई अशीच राहिली तर पात पिवळी पडती," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, की या शांत जागेतही माझ्यासारखं अस्वस्थ कोणीतरी आहे.

संध्याकाळी मी बुटांत आणि हातमोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते चुलीपासून लांब, वाऱ्याला ठेवले. कागद ओल ओढतो, तो भिजला की बदलायचा. आत्याला हे फार सावकाशीचं वाटलं. माझी पाठ वळल्यावर तिने डावा हातमोजा चुलीच्या कडेला नेऊन ठेवला. जेवणानंतर बघितलं तर चामडं पापडासारखं वाळून आखडलं होतं.

"वाळला की नाही?" आत्या म्हणाली.

"वाळला. आता पाच वर्षांच्या मुलाला होईल."

"ठाण्यात दुसरा मिळतो," ती म्हणाली. "सर्दी झाली तर ती परत देता येत नाही."

सकाळ

सकाळी इतकी थंडी होती की अंगणातल्या गाडीच्या सीटवर दव नुसतं ओलं नव्हतं, दाट होतं. पाण्यावरून धुकं आलेलं, ते गोठ्यात शिरून म्हशीच्या पाठीवर बसलेलं. आम्हाला लवकर निघायचं होतं.

चोक ओढला. किक, किक, किक. गाडी खोकली आणि लागली. ती मरू नये म्हणून मी थोडी रेस दिली आणि मूठ सोडली.

रेस उतरली नाही.

इंजिन किंचाळायला लागलं. कोंबड्या उडाल्या, म्हैस उठून उभी राहिली, आत्या ओसरीवरून ओरडली, "अगं काय करतेस!" मी चोक बंद केला. काही फरक नाही. चावी फिरवून गाडी बंद केली.

परत लावली. परत तेच. अशी गाडी घाटात नेली तर काय होईल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वळणावर रेस सोडायची आणि ती सुटणार नाही.

आत्या खाली आली. या वेळी पर्स बंद नव्हती. "हे बघ ऋता," ती म्हणाली, "मी प्रसादला बोलावते. तो टेम्पो घेऊन येईल, गाडी त्यात टाकेल. आपण एसटीने जाऊ. दादालाही सांगते, म्हणजे तो काळजी करणार नाही."

"नको."

"अगं, हट्टाची वेळ आहे का ही?"

"आत्या, नको म्हटलं ना!"

मी ओरडले. मी कोणावरच ओरडत नाही, आत्यावर तर कधीच नाही. आक्का दारात आल्या. आत्याच्या हातात फोन तसाच राहिला. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं रस्त्यात ओळखीचं माणूस अनोळखी कपड्यांत दिसावं. "बरं," ती म्हणाली. "चहा होईपर्यंत थांबते. मग मात्र मी लावणार."

मी गाडीपाशी उकिडवी बसले. घाबरल्यावर मला एक एक गोष्ट वेगळी काढून बघायची सवय आहे. परीक्षेत तेच करायचे. मूठ मागे फिरवून बघितली, ती सहज फिरली, सैल, खालची केबल मात्र तशीच ताणलेली. म्हणजे मूठ मोकळी आहे. कार्ब्युरेटरपाशी हात घालून केबलचं टोक ओढलं, ते हललं, पण थंडीतल्या तुपात चमचा हलतो तसं. म्हणजे खालची स्प्रिंग ओढतेय, पण केबलच आत कशात तरी रुतलीय. कशात?

गंज असता तर काल आलोच नसतो. चिखल असता तर वाळल्यावर खरखरला असता.

ओसरीवर आत्या वेणी घालायला बसली होती. "वन्सं," तिने आत हाक मारली, "माझ्या बाटलीतलं तेल बाहेरच येईना. दगड झालाय नुसता."

"चुलीपाशी ठेव की," आक्का आतून म्हणाल्या. "थंडीचं तुमचं खोबरेल इथं असंच व्हतं."

मी वळून बघितलं. आत्याच्या हातातली बाटली उलटी होती. आत पांढरंशुभ्र, बर्फासारखं तेल, हलत नव्हतं.

मी मुठीपाशी नाक नेलं. हातमोज्यांशिवाय, इतक्या जवळून, पहिल्यांदाच. आजोळच्या माजघराचा वास आला. नारळाचा.

आमच्या घरी खोबरेल सगळ्यात जातं. केसांत, भाजलेल्या बोटावर, करकरणाऱ्या दारात, शिवणयंत्रात, कुलपात. गावाहून घाण्याचं येतं, डबा भरून. कोकणात ते बहुधा पातळच असतं, ठाण्यात सकाळपुरतं गढुळतं आणि ऊन आलं की वितळतं. बाबांनी आयुष्यभर केबलमध्ये तेच सोडलं असणार. या वेळी तर घाट म्हणून जास्तच. गाडी घाटाच्या या बाजूला डिसेंबरात कधी आलीच नव्हती.

"आत्या," मी म्हटलं, "बाबा केबलमध्ये काय घालतात?"

तिने बाटलीकडे बघितलं. मग गाडीकडे. मग माझ्याकडे. "अगं बाई," ती म्हणाली.

आक्कांनी बंबातलं कढत पाणी दिलं. टॉवेल बुडवून, पिळून, केबलवर गुंडाळला, वरपासून खालपर्यंत, आणि गार झाला की परत. हळूहळू मूठ सोडल्यावर खट्कन मागे यायला लागली. पण एवढ्यावर भागणार नव्हतं, वाऱ्याला लागली की घाटात ती परत गोठली असती. म्हणून केबलचं वरचं टोक मुठीपासून सोडवलं, ते उभं धरलं, आणि आक्कांच्या ट्रॅक्टरचं डिझेल थेंब थेंब आत सोडलं. गुरांना औषध पाजायची एक मोठी पिचकारी त्यांच्याकडे होती, नवी, न वापरलेली, तिने. खालून आधी ढगाळ पांढरं आलं, मग पिवळट, मग नुसतं डिझेल. ते निथळू दिलं आणि मग चार थेंब इंजिन ऑइल सोडलं. आत्या शेवटपर्यंत केबल धरून उभी होती. तिच्या बाहीवर डिझेल ओघळलं तरी ती हलली नाही.

चहा केव्हाचा झाला होता. तिचा कप ओसरीवर तसाच होता.

गाडी लावली. रेस दिली, सोडली. उतरली. परत दिली, सोडली. उतरली. म्हैस पुन्हा खाली बसली.

परत

उतरताना घाट स्वच्छ होता. डाव्या हातात आखडलेला हातमोजा जेमतेम चढवलेला आणि त्यावर आत्याचा लोकरीचा मोजा. क्लच दाबताना तो घसरायचा, म्हणून मी गिअर कमी बदलले आणि सावकाश उतरले. माझ्या पायांत दुधाच्या पिशव्या होत्या. मी स्वतःच मागून घेतल्या.

तोकावड्याला आत्याने दोनदा वाजवलं. चहाला थांबलो.

"दादाला सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"काय?"

"हेच. खोबरेलाचं. त्याला फार लागेल गं. आमच्या वडिलांचं, आप्पांचं बघून शिकलाय तो ते."

मीही सकाळपासून तेच घोळवत होते. मी फोन केला नव्हता. गाडी माझी होती. गप्प बसले असते तर बाबांना काहीच कळलं नसतं आणि मला वाईट वाटायचंही कारण नव्हतं. गप्प बसणं मला जमतंही छान.

"नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यात ते परत घालतील," मी म्हटलं.

आत्याने कप खाली ठेवला. "मग मी वर येणार नाही," ती म्हणाली. "मला डोंबिवलीलाच सोड. मी असले की तो रागावेल. एकटीला नाही रागावणार."

वर्तकनगरला पोचले तेव्हा बाबा खाली कट्ट्यावर बसले होते, पेपर घेऊन, जणू पेपर वाचायला रोजच खाली येतात. त्यांनी आधी गाडी बघितली, मग मला.

"फोन नाही आला."

"नाही."

"त्रास?"

मी हेल्मेट काढून हातात घेतलं. मग सांगितलं. काच, प्लगची टोपी, आणि मूठ. सगळं मराठीत सांगितलं, सावकाश. खोबरेलापाशी आल्यावर मी त्यांच्याकडे न बघता हेल्मेटच्या पट्ट्याकडे बघितलं.

बाबा उठले. गुडघा धरून गाडीपाशी गेले. मूठ पिरगळली, सोडली. खट्. पुन्हा पिरगळली. खट्. त्यांनी केबलवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"डिझेल?"

"आणि नंतर इंजिन ऑइल. थोडंसंच."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"आप्पा सायकलच्या ब्रेकमध्येही घालायचे," ते म्हणाले. एवढंच. मग ते कट्ट्यावर परत बसले आणि पेपर उलगडून बराच वेळ त्याच पानाकडे बघत राहिले. मी कव्हर घालायला लागले. मला वाटलं मी चुकलेच. आत्याचं ऐकायला हवं होतं.

"ऋता."

"हं."

"प्रसादला फोन कर. रविवारी यायचं म्हणालोय त्याला."

माझ्या हातातलं कव्हर तिथेच थांबलं. "मी फोन केला नव्हता, बाबा."

"माहीत आहे. गाडी तुझी आहे, ते सांगायलाच कर. मला नाही जमायचं." त्यांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली. "आणि सांग, स्कूटर घेऊन ये म्हणावं. गणपतीत त्याच्याही केबल मीच भरल्यात."

मी फोन लावला. प्रसादने सगळं ऐकून घेतलं. आधी हसला, मग सीट कव्हरवरून हळहळला, मग त्याच्या लक्षात आलं.

"थांब थांब. म्हणजे माझ्या स्कूटरमध्ये पण नारळ आहे?"

"आहे," मी म्हटलं. "दुपारी ये. ऊन असताना."